वीजमापक चिपची सीरियल लाइन ऑप्टोकपलरने वेगळी करताना

प्रश्न (मुलुंड):
आमच्या सोसायटीतील सिंगल फेज पंप रोज किती वीज घेतो हे नोंदवण्यासाठी मी वीज मोजणारी एचएलडब्ल्यू८०३२ चिप आणि नॅनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड वापरून मापक तयार करत आहे. नॅनोची टीएक्स (माहिती पाठवणारी) लाइन पीसी८१७ या ऑप्टोकपलरमधून (दोन बाजू तारेने न जोडता प्रकाशाने संदेश नेणारा भाग) लॅपटॉपकडे नेली असून आउटपुटला १० किलोओहमचा पुल-अप (लाइन ५ व्होल्टकडे ओढून ठेवणारा रोधक) आहे. परंतु १,१५,२०० बॉडला (सेकंदाला तितके बिट या वेगाला) केवळ निरर्थक अक्षरे उमटतात. दोन्ही बाजूंना ५ व्होल्ट एकाच अॅडॅप्टरमधून दिले आहेत. अद्याप २३० व्होल्ट जोडलेले नाहीत. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून ६एन१३७ हा वेगवान ऑप्टोकपलर आणून बसवल्यास अडचण सुटेल का?

उत्तर १ (दादर):
१,१५,२०० बॉडला एका बिटच्या वाट्याला जेमतेम ८.७ मायक्रोसेकंद येतात. पीसी८१७ मधील ट्रान्झिस्टर पूर्ण चालू झाल्यावर बंद होण्यास, विशेषतः पुल-अप १० किलोओहमइतका मोठा असताना, याहून बराच अधिक वेळ घेतो आणि एक बिट पुढच्या बिटमध्ये मिसळतो. ६एन१३७ हा सेकंदाला १० मेगाबिटपर्यंत चालतो, त्यामुळे त्याने हा दोष जाईल. पण मला त्याची गरजच दिसत नाही. ही चिप मुळात ४८०० बॉडनेच माहिती पाठवते, म्हणजे एका बिटला २०८ मायक्रोसेकंद मिळतात. नॅनो लॅपटॉपच्या बाजूला घ्यावा आणि चिपची टीएक्स लाइन तेवढी ऑप्टोकपलरमधून न्यावी. ऑप्टोकपलरमधला एलईडी ५ व्होल्ट आणि टीएक्स यांच्यामध्ये १ किलोओहमसह जोडल्यास संदेश उलटा होत नाही. पुल-अप ४.७ किलोओहमचा चालेल. पॅरिटी (चूक ओळखण्यासाठीचा जादा बिट) सम ठेवावी.

उत्तर २ (विक्रोळी):
वेगापेक्षा मला अॅडॅप्टरविषयीचे आपले वाक्य अधिक गंभीर वाटते. या चिपचे ग्राउंड (सर्किटची शून्य व्होल्टची बाजू) घरगुती विजेच्या तारेला थेट जोडलेले असते. अॅडॅप्टर सामाईक असला की दोन्ही ग्राउंड एकत्र येतात, ऑप्टोकपलर असून नसल्यासारखा होतो आणि लॅपटॉपच्या यूएसबीच्या धातूच्या भागावर वीज येऊ शकते. ग्राउंड न्यूट्रलला आहे म्हणून निर्धास्त राहू नये; सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झालेली अनेकदा आढळते. चिपला तिचा स्वतंत्र पुरवठा द्यावा, नॅनोला यूएसबीमधून द्यावा, आणि या दोहोंमध्ये ऑप्टोकपलरखेरीज एकही तार असू नये. सर्व काही विजेपासून सोडवून दोन्ही ग्राउंडमधील रोध मल्टिमीटरने मोजावा. तो अनंत दिसला नाही तर पुढे जाऊ नये.

प्रश्नकर्ता:
सामाईक अॅडॅप्टरचा धोका माझ्या लक्षातच आला नव्हता. स्वतंत्र पुरवठ्याने पुन्हा बांधणी करतो. सर्किट झिरो पीसीबीवर (छिद्रे आणि तांब्याचे ठिपके असलेल्या तयार पाटीवर) आहे, ते चालेल का?

उत्तर २ (विक्रोळी):
चालेल, परंतु पीसी८१७ च्या दोन पायओळींमध्ये ७.६२ मिलिमीटरच अंतर असते आणि झिरो पीसीबीवर त्याच्या खाली तांब्याच्या दोन रांगा तशाच राहतात. त्या पूर्ण खरवडून काढाव्यात आणि सोल्डरचा फ्लक्स धुऊन टाकावा, कारण पंपघरातल्या पावसाळी ओलाव्यात अशाच ठिकाणी गळतीची वाट तयार होते.