विषय: एमआरआयचा भाव आणि आपल्या आमदारांना पत्रं

मंडळी, नमस्कार.

पुण्याहून आलेल्या सासऱ्यांच्या गुडघ्याचा एमआरआय करायचा होता. चार ठिकाणी फोन केले, पण किती पैसे होतील ते कुणीच सांगेना. सासरे शेजारीच बसले होते. म्हणाले, "आमच्याकडे सेंटरवाला फोनवरच भाव सांगतो, वर रिपोर्ट कधी मिळेल तेही." इथे अमेरिकेत 2021 पासून हॉस्पिटलांना दर जाहीर करावे लागतात खरे, पण ती फाइल उघडून तर बघा!

आपल्या नॉर्थ कॅरोलायनात यामागे एक मोठं कारण आहे, 'सर्टिफिकेट ऑफ नीड'चा कायदा. डॉक्टरने स्वतःच्या पैशाने एमआरआय मशीन घ्यायचं म्हटलं तरी आधी राज्याकडून गरजेचा दाखला लागतो, आणि आसपासची हॉस्पिटलं त्यावर हरकत घेऊ शकतात. म्हणजे दुकान थाटायला शेजारच्या दुकानदाराची हरकत ऐकून घ्यायची! विन्स्टन-सेलमचे सर्जन गजेंद्र सिंग 2018 मध्ये याविरुद्ध कोर्टात गेले. 2023 च्या दुरुस्तीने सव्वा लाखावर वस्तीच्या काउंटींत, म्हणजे जिल्ह्यांत, एमआरआयला 21 नोव्हेंबर 2026 पासून मोकळीक दिली. छोट्या काउंट्या मात्र तशाच अडकलेल्या.

शनिवारी मराठी शाळा सुटली की लायब्ररीत तासभर बसू या. कायदा वाचू, आणि प्रत्येकाने आपापल्या आमदाराला स्वतःच्या शब्दांत लिहायचं. घरात बिलं पडलेली असतील तर घेऊन या. दिवाळीच्या पंगतीत आपण सगळे कुरकुरतो, पण लिहीत कुणीच नाही.

— कॅरीहून

~~~

ताई,

माझी उभी हयात कार्डिऑलॉजीत गेली. छातीत कळ आलेला माणूस घासाघीस करत नाही. आणि गावाकडच्या छोट्या हॉस्पिटलाचं काय? चार पैसे देणारा एमआरआय बाहेर गेला, तर इमर्जन्सी रूम कशावर चालवायची? 1986 च्या कायद्याने दारात आलेल्याला तपासल्याशिवाय परत पाठवता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

— डरमचा काका

~~~

काका,

छातीत कळ आल्यावर भाव विचारा असं मी कधीच म्हणणार नाही. पण गुडघा, मोतीबिंदू, हर्निया यांना आठवडाभर विचार करायला वेळ असतो. इमर्जन्सी रूमला पैसा लागतो, तर तो विधिमंडळाने उघड मंजूर करावा. गुडघ्याच्या बिलात दडवून का घ्यायचा? ज्या 2023 च्या कायद्याने ही बंधनं सैल केली, त्यानेच मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी आरोग्य विमा, तोही वाढवला. गरिबाला आधार आणि डॉक्टरला मोकळीक, दोन्ही एकाच कागदावर आले.

तुम्ही शनिवारी याच. तुमचा प्रश्न आमदार विचारणारच, त्याआधी तो आपल्यात नीट लढवला जाऊ दे.

आणि सगळ्यांना: आपलं मराठी मंडळ धर्मादाय संस्था आहे. पत्रावर मंडळाचं नाव किंवा लेटरहेड नको, फक्त स्वतःची सही आणि घरचा पत्ता, म्हणजे मतदारसंघ कळेल.

— कॅरीहून