फ्रिट्झ पोलार्ड ‘पहिला प्रशिक्षक’ कसा? तो तर खेळाडू होता ना?

आडवाट: एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) इतिहासात फ्रिट्झ पोलार्ड हा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक मानला जातो, साल 1921, संघ ॲक्रन प्रोज. पण त्याच वर्षी तो संघाकडून हाफबॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) म्हणून खेळतही होता, आणि काही याद्यांत प्रशिक्षक म्हणून एल्जी टोबिनचं नाव दिसतं. मग खरं काय? आणि 1920 चं विजेतेपद ॲक्रनला अंतिम सामन्याशिवाय कसं मिळालं?

चौथा_डाऊन: दोघंही बरोबर. 1921 मध्ये पोलार्ड आणि टोबिन सह-प्रशिक्षक होते. त्या मोसमात संघाने 8 सामने जिंकले, 3 हरले, 1 बरोबरीत सुटला.

गोंधळ होतो तो आजचा प्रशिक्षक डोळ्यांसमोर असल्यामुळे. कानाला हेडफोन लावून रेषेबाहेरून डाव (चेंडू पुढे नेण्याची प्रत्येक ठरवलेली चाल) सांगणं तेव्हा नियमातच बसत नव्हतं. बाकावरून सूचना द्यायला एनएफएलने 1944 मध्ये परवानगी दिली. त्याआधी सामना सुरू झाला की डाव ठरायचा मैदानातल्या अकरा जणांतच. प्रशिक्षकाचं काम सरावात डाव बसवून घेण्याचं. म्हणून डाव बसवणारा माणूस स्वतः खेळत असेल तर संघाचा मोठाच फायदा. खेळाडू-प्रशिक्षक ही तडजोड नव्हती, त्या काळची ती सर्रास पद्धत होती.

गुणतक्ता: विजेतेपदाचं सांगतो. 1920 मध्ये लीगचं नाव एपीएफए (अमेरिकन प्रोफेशनल फुटबॉल असोसिएशन) होतं, एनएफएल हे नाव 1922 चं. अंतिम सामना ही सोयच नव्हती. ॲक्रन 8 विजय, 0 पराभव, 3 बरोबरी, आणि अख्ख्या मोसमात अंगावर फक्त 7 गुण! डिकेटर स्टेलीज (10-1-2) आणि बफेलो (9-1-1) यांचे विजय जास्त होते, म्हणून त्यांनीही हक्क सांगितला. डिकेटरशी 12 डिसेंबरला शिकागोत झालेला सामना 0-0 सुटला, तिथेही निकाल लागला नाही. शेवटी 30 एप्रिल 1921 च्या बैठकीत संघांनी मत देऊन ॲक्रनला विजेता ठरवलं.

विजयाच्या टक्केवारीत तेव्हा बरोबरीचे सामने धरत नसत. ते अर्धा विजय म्हणून मोजले की ॲक्रन आणि बफेलो सारख्याच टक्केवारीवर येतात. तो आजचा हिशेब त्या वर्षाला लावू नये.

चौथा_डाऊन: पोलार्डचं खेळणं समजायला आणखी एक नियम माहीत हवा. चेंडू घेऊन धावणारा नुसता पडला म्हणजे डाव संपत नसे, त्याला धरून जागच्या जागी थांबवावं लागे. पडलेल्यावर चार-पाच जण उड्या टाकायचे आणि ‘अजून थांबला नव्हता’ हे कारण तयार असायचं. पोलार्डवर हे मुद्दाम व्हायचं. सुमारे 75 किलोंचा माणूस तो. त्यावर त्याने उपाय काढला: पडताक्षणी पाठीवर लोळायचं, गुडघे छातीशी घ्यायचे आणि खिळ्यांच्या बुटांचे तळवे वर करून पाय सायकलसारखे फिरवायचे. वरून झेपावणाऱ्याला आधी खिळेच दिसत. पोटावर पडून राहिलं तर पाठ आणि बरगड्या उघड्या पडतात.

ॲक्रनमध्ये सुरुवातीला त्याला संघासोबत कपडेही बदलता येत नसत. मालकांपैकी फ्रँक नीडच्या चिरूटांच्या धंद्याच्या जागेत तयार होऊन तो सामन्याच्या तोंडावर मैदानात यायचा. त्याच संघाला त्याने जिंकून दिलं, हे मला कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं वाटतं.

आडवाट: मनापासून आभार. त्या पहिल्या मोसमात लीगमध्ये तो एकटाच कृष्णवर्णीय होता का?

गुणतक्ता: नाही. रॉक आयलंडकडून बॉबी मार्शल खेळला, तेही वयाच्या चाळिशीत. 1921 मध्ये ॲक्रनकडे पॉल रोबसन आला, पुढे जगप्रसिद्ध झालेला गायक तोच. 1934 ते 1945 मात्र लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, आणि पोलार्डनंतरचा कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक थेट 1989 मध्ये: रेडर्सचा आर्ट शेल. पोलार्ड 1986 मध्येच गेला होता. प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं ते 2005 मध्ये.