बरे होत असताना घरी उपकारस्तुती: साक्ष, दान आणि गोळ्या

मालवा३२: इंदूरला घरी उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानण्याची, प्रार्थना ठेवायची आहे. सासूबाईंना फुप्फुसाचा क्षय आहे, औषधांचा चौथा महिना चालू आहे, खोकला गेला, वजन वाढलं. काही नातलग म्हणतात, गोळ्या आता थांबवा, म्हणजे साक्षीला (देवाने काय केलं ते सर्वांसमोर सांगण्याला) जोर येईल. वचन कोणतं घ्यावं? साक्ष किती वेळ? पाळकसाहेबांना काय द्यावं? शेजारी हिंदी बोलणारे आहेत.

लूक१७: गोळ्या थांबवू नका. नेहमीचा कोर्स 6 महिन्यांचा असतो, पहिले 2 महिने 4 औषधं आणि पुढे 3. खोकला आधी जातो, चिवट जंतू मागे राहतात. कोर्स अर्धवट सुटला की आजार उलटतो आणि मग तो औषधांना दाद देत नाही, असंही होतं. बायबलमध्ये आजारी हिज्कीया राजाला देवाकडून 15 वर्षं वाढवून मिळाली, तरी यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला लावलंच (2 राजे 20). लूक 17 मध्येही प्रभू येशूने दहा कुष्ठरोग्यांना आधी याजकांकडे (पुरोहितांकडे) पाठवलं. कुष्ठरोग गेला की नाही हे याजक छावणीबाहेर जाऊन तपासत असे, आणि अर्पण आठव्या दिवशी (लेवीय 14). आता छोटी प्रार्थना ठेवा, चार महिन्यांबद्दल आभार माना. ‘पूर्ण बऱ्या झाल्या’ हे कोर्स संपून डॉक्टरांनी तसं सांगितल्यावरच म्हणा.

मालवा३२: म्हणजे दोनदा ठेवायची?

लूक१७: हो. दुसऱ्यांदा मंडळीत (चर्चमध्ये), रविवारी.

जुनी मंडळी: घरची सभा 45 मिनिटांत बसवा: एक गीत, स्तोत्र 103:1-5, लूक 17:11-19, साक्ष, प्रार्थना. शेजाऱ्यांसाठी हिंदी प्रत ठेवा. त्यात स्तोत्रांचं पुस्तक ‘भजन संहिता’ आणि लूक ‘लूका’ आहे. साक्ष सासूबाईंनीच द्यावी, बसून, 5 मिनिटं. बहुतेक वेळा आजाराचं वर्णनच लांबतं आणि आभार दोन वाक्यांत उरकतात. डॉक्टर, गोळ्या देणारी कार्यकर्ती, डबा आणणारी शेजारीण यांचा उल्लेख व्हायलाच हवा. ‘माझा विश्वास मोठा म्हणून’ हे मात्र टाळा. समोर कुणाचा तरी माणूस अजून अंथरुणाला खिळलेला असतो, त्याला ते लागतं. प्रेषित पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत येथे आजारीच सोडलं होतं (2 तीमथ्य 4:20), तेव्हा त्याचा विश्वास कमी असं पौल म्हणत नाही. शिवाय लूक 17 मधल्या दहांपैकी जे नऊ जण आभार मानायला परत आले नाहीत, तेही शुद्ध, म्हणजे बरे, झाले होते! परत आलेल्या एकट्या शोमरोनीला (शोमरोन प्रांतातल्या माणसाला) 19व्या वचनात ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे’ असं म्हटलं आहे, तिथल्या ‘बरे केले’च्या मूळ ग्रीक शब्दात ‘तारणं’ हाही अर्थ आहे. तो पायाशी आला, म्हणून त्याला जास्त मिळालं.

बडोद्याहून: दानाबद्दल. अलीशा संदेष्ट्याने कोडातून बऱ्या झालेल्या नामान सेनापतीकडून काहीच घेतलं नाही. अलीशाचा चाकर गेहजी याने मागे धावत जाऊन 2 किक्कार (जुनं मोठं वजन) चांदी नि 2 पोशाख घेतले, आणि नामानाचं कोड त्यालाच लागलं (2 राजे 5). बरं करण्याचा मोबदला म्हणून पाकीट देऊ नका. पाळकसाहेबांचा रिक्षाखर्च जरूर द्या. दान मंडळीत ‘उपकारस्तुती’ म्हणून द्या, पावती घ्या. आणि लेवीय 7:15 पाहा, उपकारस्तुतीच्या यज्ञाचं मांस त्याच दिवशी संपवायचं असे, सकाळपर्यंत ठेवायचं नाही. तेव्हा चार माणसं बोलवावीच लागत असणार. पोहे-चहा पुरे, पण जरा जास्त करा आणि शेजारी पोचवा. जमलं तर ‘निक्षय मित्र’ (क्षयरुग्णांना मदत करणाऱ्यांसाठीची सरकारी योजना) म्हणून नोंद करून दुसऱ्या एका क्षयरुग्णाच्या पोषण आहाराला हातभार लावा. त्याच्या ताटात डाळ, शेंगदाणे, अंडी पडतील.