मदत हवी आहे: ४० एरिडॅनी बी ची त्रिज्या निम्मीच का येतेय?

नमस्कार मंडळी,

परवा अमावास्येला गच्चीवरून सहा इंची दुर्बिणीतून ४० एरिडॅनी हा तीन ताऱ्यांचा (ए, बी, सी) समूह पाहिला. मृगातल्या राजन्याच्या पश्चिमेला आहे. मुख्य तारा नारिंगीकडे झुकणारा पिवळा, आणि त्याच्यापासून चांगलाच बाजूला, सुईच्या टोकाएवढा निळसर पांढरा ठिपका. तोच बी, म्हणजे श्वेत बटू, विझलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा! व्याधाचा श्वेत बटू जोडीदार मला त्या झगमगाटात आजवर एकदाही सापडलेला नाही. हा मात्र पहिल्याच रात्री दिसला. १७८३ साली विल्यम हर्शेलने नोंदवलेला तारा आपल्या गच्चीवरून दिसतो, याचा आनंद अजून ओसरलेला नाही.

मग गणित करायला बसलो. अंतर १६.३ प्रकाशवर्षे, दृश्यप्रत (आपल्याला दिसणारं तेज; आकडा मोठा तितका तारा मंद) ९.५. त्यावरून निरपेक्ष प्रत, म्हणजे सगळे तारे सारख्याच ठरावीक अंतरावर धरले तर येणारी प्रत, ११ आली. सूर्याची ४.८, म्हणजे हा सूर्यापेक्षा साधारण ३०० पट मंद. तापमान १६,५०० केल्विन धरलं. तेज हे त्रिज्येचा वर्ग गुणिले तापमानाचा चौथा घात या प्रमाणात असतं, त्यावरून त्रिज्या आली ४,९०० किमी. पुस्तकं म्हणतात पृथ्वीच्या दीडपट, म्हणजे साडेनऊ हजारांच्या पुढे. तीनदा ताडून पाहिलं, उत्तर तेच. वस्तुमान मात्र पक्कं आहे, सूर्याच्या ०.५७ पट. शेजारच्या लाल सी ताऱ्याशी त्याची सुमारे २३० वर्षांची कक्षा आहे, त्यातून ते निघतं. त्रिज्या चुकली की घनता आठपट चुकते, म्हणून जीव अडकलाय. पुढच्या आकाशदर्शनाला मुलांना चुकीचा आकडा सांगायचा नाही. जाणकारांनी कृपया मदत करावी.

प्रतिसाद:
आकडेमोड बरोबर आहे, चूक '३०० पट'मध्ये आहे. दृश्यप्रत फक्त डोळ्यांना दिसणारा प्रकाश मोजते. सूर्याचा उजेड दृश्य पट्ट्यातच सर्वांत जोरकस, म्हणून त्याच्या बाबतीत फारसं बिघडत नाही. पण १६,५०० केल्विनला सर्वाधिक प्रारण १७६ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे अतिनीलमध्ये. तुम्हाला दिसलेला ठिपका ही त्या ताऱ्याची नुसती शेपटी आहे. सगळे तरंग धरले तर तेज सूर्याच्या ०.०१३ पट, म्हणजे तुमच्या आकड्याच्या चौपट. चौपटीचं वर्गमूळ दोन. त्रिज्या दुप्पट करा.

धागाकर्ता:
अहो, खरंच! ९,७०० किमी आली. मनापासून आभार. आता घनता दर घनसेंटीमीटरला सुमारे ३०० किलो निघते, आधी सव्वादोन टन येत होती. एक सेंटीमीटर बाजूच्या इवल्या ठोकळ्यात ज्वारीची तीन पोती, असं मुलांना सांगेन. आता एकच विचारतो: हे १६,५०० केल्विन मोजतात कसं? वर्णपटातल्या हायड्रोजनच्या रेषांच्या रुंदीवरून की नुसत्या रंगावरून? दुर्बिणीत निळसर छटा दिसली ती शेजारच्या नारिंगी ताऱ्यामुळे जास्त भासली असेल, म्हणून रंगावर माझा भरवसा बसत नाही.