किनाऱ्यावरची गाडी: पाना मालकाच्या हातात हवा की फिटरच्या?

खारा वारा, आंजर्ले

गेल्या रविवारी दापोलीत आपली गाडीवाल्यांची भेट झाली तेव्हा या विषयावर आवाज चढले. मी म्हणालो, समुद्राकाठी गाडी ठेवायची तर निम्मं काम मालकाला स्वतःला यायलाच हवं. दोघातिघांचं म्हणणं, हौशी माणसाने पान्याला हात लावला की गाडी जाते, कधी माणूसही जातो. तिथे बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून इथे मांडतो.

माझी डिझेल गाडी अकरा वर्षांची. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. कंपनीचं सर्व्हिस सेंटर चिपळूणला, जाऊन येऊन दिवस मोडतो. सर्व्हिसिंगचा हिशोब किलोमीटरवर किंवा वर्षावर. खारी हवा मात्र उभ्या गाडीलाही खाते. माझ्या आधीच्या मारुती 800 ची दारं अशीच गेली. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती जांभ्याच्या लाल धुळीने आणि सुरूच्या काड्यांनी बुजतात, पाणी आत साठतं आणि पत्रा आतून कुजत बाहेर येतो. रंगाला फोड दिसेपर्यंत दार संपलेलं असतं. चार वर्षं वेळेवर सर्व्हिसिंग करून घेतलं, पण ती भोकं एकदाही कुणी बघितली नाहीत. आता पावसाआधी आणि दिवाळीनंतर मी ती तारेने मोकळी करतो. पंधरा मिनिटांचं काम.

धुण्याचंही तसंच. आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं. त्याने गाडी धुणं म्हणजे तिला मीठ चोळणं. हे शहरातल्या फिटरला कोण सांगणार? बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर, चॅसीला ग्राउंडची वायर धरणाऱ्या बोल्टखालचा गंज, एअर फिल्टर, इंजिन ऑइल, हे सगळं मीच बघतो. ब्रेकची पॅडं आणि ब्रेक ऑइलही मीच बदलतो. रात्रीच्या रस्त्यासाठी रिले टाकून हेडलाइटला मूळच्यापेक्षा जोरदार, 100/90 वॅटचे बल्ब बसवलेत. ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. म्हणजे आपली वस्तू आपण दुरुस्त करणं हा काही वेडेपणा नाही.

घाटवाट, साखरपा

दाराच्या भोकांवर कोण वाद घालणार? माझं भांडण ब्रेकवर आहे. मी आठवड्यातून तीनदा आंबा घाटातून कोल्हापूरला माल नेतो.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट 4 या प्रतीचं नवं ब्रेक ऑइल किमान 230 अंशांना उकळायला हवं, असं मानक आहे. ओल धरलेल्या ऑइलसाठी तोच आकडा 155 वर येतो. कोकणातल्या हवेत झाकण उघडलेली अर्धी बाटली वर्षभर कपाटात ठेवून पुन्हा वापरणारे लोक मी पाहिलेत. घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला की चाकाशी पॅडं दाबणारे कॅलिपर तापतात, ऑइलमध्ये वाफ होते. वाफ नुसती दबते, चाकापर्यंत जोर पोचवत नाही. पेडल थेट तळाला.

माझ्या चुलतभावाने घरीच ऑइल बदललं. मागच्या एका चाकाच्या ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा पूर्ण निघाली नव्हती. सपाटीवर पंधरा दिवस काही जाणवलं नाही. घाटात त्याने गाडी दुसऱ्या गिअरला टाकून, हँडब्रेक ओढत, डोंगराकडच्या गटारात घालून थांबवली. मागे दोन मुलं होती. तुमची गाडी तुमची आहे, पण समोरून येणाऱ्या एसटीतली माणसं तुमची नाहीत. आणि ते बल्ब काढाच. पावसात, धुक्यात वळणावर तुमच्यासारखा कुणी समोर आला की मला रस्त्याची कड दिसत नाही.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

मी ही चर्चा सुरू करणाऱ्या आंजर्लेकरांच्या बाजूने. 22 जुलै 2021 ला आमच्या बाजारपेठेत पाणी आलं. माझी पेट्रोल गाडी डॅशबोर्डपर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर शेजाऱ्यांनी ‘बघू तरी’ म्हणून त्यांच्या गाडीला चावी मारली. सिलिंडरमध्ये पाणी होतं. हवा दबते, पाणी दबत नाही. कनेक्टिंग रॉड वाकला आणि इंजिन गेलं.

मी चावीला हात लावला नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, ऑइल मोजायची डिपस्टिक काढली तर पाणी मिसळून ऑइल दुधाळ. ते सगळं काढलं, फिल्टर बदलला, प्लग खोलले, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढलं. वायरिंगसाठी पुढे मेकॅनिकच लागला, पण इंजिन वाचलं ते घरी. त्या आठवड्यात गावातली गॅरेजंसुद्धा चिखलात होती. ‘फिटरकडे न्या’ म्हणणाऱ्यांनी सांगावं, कुठल्या फिटरकडे नेणार होतो मी?

कुडाळचो गॅरेजवालो

मी सोता गॅरेजवालो. हायवेच्या कडेक माजां गॅरेज आसा, पंचवीस वर्षां झाली. पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो.

भोकांचं म्हणणं खरं आहे, आमच्याकडूनही ते राहतं. पण लोक गाडी खोलतात आणि उरलेले नट पिशवीत घालून माझ्याकडे आणतात, तेव्हा वाईट वाटतं. तीन गोष्टी हात जोडून सांगतो.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका, आणि खाली जांभ्याचा चिरा लावला म्हणून तर अजिबात नाही. चिरा दिसायला दणकट, पण ठिसूळ. एका बाजूला भार पडला की फुटतो. उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी जॅक स्टँडच घ्या.

चालू डिझेल इंजिनाच्या इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल करू नका. जुन्या पंपाच्या गाड्यांत आम्ही ते करत होतो. नव्या डिझेल गाड्यांत सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी एकच नळी असते, कॉमन रेल; तिच्यात हजार बारच्याही वर दाब असतो, फवारा कातडीतून आत शिरतो. वरून टाचणीएवढं दिसतं, आत हात सडतो.

तिसरं, पावसाआधी गाडीच्या पोटाला काळं, म्हणजे वापरलेलं इंजिन ऑइल मारायची आपल्याकडची सवय. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून मारतात तसं. ते सस्पेन्शनच्या रबरी बुशांवर बसतं, रबर फुगतं आणि मऊ पडतं. पहिल्या पावसात उरलेलं ऑइल धुऊन शेतात आणि विहिरीत जातं.

कणकवली 4×4

सगळे दुरुस्तीवर बोलताय, बदलांचं काय? मी स्प्रिंग बदलून गाडी दोन इंच उचलली, मोठे टायर आणि पुढे लोखंडी गार्ड बसवला. पावसाळ्यात आमच्या वाडीच्या वाटेवर साधी गाडी अडकते, माझी जाते. यात कुणाचं काय बिघडलं?

गुहागरची

गार्डमुळे बिघडतं. पुढून धडक बसली की पुढचा पत्रा ठरलेल्या रीतीने चेपावा लागतो, त्यावरच एअरबॅगच्या सेन्सरचा हिशोब असतो. मध्ये लोखंड आलं की तो हिशोब चुकतो आणि समोरच्या पादचाऱ्याला लोखंडाचा मार बसतो. केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 विरुद्ध असल्याचं राज्यांना कळवलं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बेकायदा बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय विमा कंपनीला न सांगता केलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येतो.

वाडीची वाट खराब आहे, हे मान्य. पण तिच्यासाठी मी ग्रामपंचायतीशी भांडेन, लोखंड लावून फिरणार नाही.

कणकवली 4×4

गार्ड काढतो. टायर आणि स्प्रिंग नाही काढणार. दंड झाला तर भरेन, पण आईला दवाखान्यात न्यायला जूनमध्ये हीच गाडी लागते.

खारा वारा, आंजर्ले

चिऱ्याचं वाचून हात थंड पडले. मी चिरेच लावत होतो, गेल्या महिन्यातसुद्धा. आजच जॅक स्टँड मागवले. बल्ब उद्या काढतो, मूळचे 60/55 वॅटचे परत लावतो.

साखरप्याच्या भाऊंना ब्रेकबद्दल मात्र एक सांगायचंय. ब्रेकमध्ये हवा राहण्याची हीच चूक एका गॅरेजने माझ्या गाडीत केली होती. स्वतः काम करून मला पेडल ओळखता येतं म्हणून पहिल्या वळणाआधी ते मऊ लागलेलं कळलं. ब्रेकचं काम मी सोडणार नाही. बाटली दरवेळी नवी, दुसरं माणूस पेडलवर, आणि काम झाल्यावर घाटात जाण्याआधी फिटरकडून तपासून घेईन. हे पटतं का सांगा.

घाटवाट, साखरपा

तपासून घेणार हे बरं. तरीही मी घरी केलेल्या ब्रेकवर बसणार नाही, माझ्या मुलांना बसवणार नाही.

कुडाळचो गॅरेजवालो

आंजर्लेकर, तुम्हाला कुडाळ लांब पडेल, दापोलीतल्या फिटरला विचारा. चार चाकांच्या ब्रेकमधली हवा तपासायला अर्धा तास लागतो, पैसेही फार नाहीत. आणि काढलेलं जुनं ऑइल डब्यात बंद करून त्याच्याकडेच द्या. आमच्याकडून ते भरून न्यायला गाडी येते, त्याच्याकडेही येत असेल.