रिनोव्हेशनचे टीव्ही शो: किती दिवस लागले ते तरी खरं सांगा

सुमेधा_एडिसन:
एचजीटीव्ही या अमेरिकन चॅनलवरच्या घर-दुरुस्तीच्या शोजवरून घरात जोरदार वाद झालाय म्हणून इथे विचारतेय. माझं मत असं की हे शो घराच्या कामाबद्दल लोकांची साफ चुकीची समजूत करून देतात. साधं किचन घ्या. कॅबिनेट बसल्याशिवाय काउंटरटॉपचं माप घेता येत नाही, माप घेतलं की क्वार्ट्झ (ओट्याची फरशी) कापून यायला दोनेक आठवडे, काउंटर नाही तर सिंक नाही, सिंक नाही तर नळ नाही, तोवर भांडी बाथटबमध्ये घासा. टीव्हीवर हे सगळं एका ब्रेकमध्ये उरकतं. शिवाय ड्रायवॉल (भिंतीचे जिप्सम बोर्ड) लावायच्या आधी टाउनशिपचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, इन्स्पेक्टर वायरिंग, प्लंबिंग तपासून जातो, तो येईपर्यंत काम ठप्प. हा माणूस टीव्हीवर कुणाला दिसलाय का? आमच्या ओळखीत एकांनी शो बघून बजेट ठरवलं आणि निम्म्यातच पैसे संपले, बिचाऱ्यांनी हिवाळा गॅरेजमधल्या इंडक्शनवर स्वयंपाक करून काढला.

अजिंक्य_के:
अहो सुमेधाताई, तो टीव्ही आहे. रेसिपीच्या कार्यक्रमात कांदा आधीच चिरलेला असतो, तिथे कुणी फसवणूक म्हणत नाही. पाऊण तासात बसवायचं तर वाट बघणं कापणारच ना. उलट आपल्याकडच्या कितीतरी लोकांना या शोजनीच धीर दिला. भारतात आपण खिळा ठोकायलासुद्धा माणूस बोलावतो, इथे येऊन लोक स्वतः टाइल लावायला, रंग द्यायला शिकले, लोड बेअरिंग, म्हणजे वरचा भार पेलणारी, भिंत म्हणजे काय ते कळलं. हे कमी आहे का?

सुमेधा_एडिसन:
कांदा निदान खरा असतो हो. तीन घरं बघून एक निवडायच्या 'हाउस हंटर्स' शोमधल्या एका बाईंनी २०१२ साली उघड सांगितलं की घराचा व्यवहार पूर्ण झाल्यावरच त्यांना शोमध्ये घेतलं आणि बाकीची दोन घरं विकायला नव्हतीच, त्यांच्या मित्रमंडळींची होती. चॅनलनेही मान्य केलं की वेळेअभावी ते खरेदीत बऱ्यापैकी पुढे गेलेली कुटुंबंच निवडतात. मग तो "कोणतं घर घेऊ" चा ताण आपण कशाला बघायचा?

मकरंदकाका_बॉस्टन:
दोघांनाही सांगतो, सगळे शो एका माळेत ओवू नका. 'धिस ओल्ड हाउस' १९७९ पासून चालू आहे, इथल्या बॉस्टनच्या पब्लिक टीव्हीने सुरू केलेला. एकच घर आठवड्यामागून आठवडे दाखवायचे, प्लंबर पाइप का बदलतोय ते स्वतः सांगायचा. ब्रिटनचा 'ग्रँड डिझाइन्स' घ्या, बजेट फुगतं, पावसात काम अडकतं, काही घरं एपिसोड संपला तरी अर्धवटच असतात. नॉर्थ डेव्हनच्या कड्यावरचं ते दीपगृहासारखं घर २०१९ च्या एपिसोडमध्ये कर्जात बुडालेलं नुसतं सांगाड्यासारखं उभं होतं आणि लोकांनी तो एपिसोड आवर्जून बघितला, त्यावर खूप बोलले. म्हणजे खरं दाखवलं तर लोक बघत नाहीत हे काही मला पटत नाही.

नेहा_टेक्सास:
मला वेळेपेक्षा तब्येतीचा मुद्दा मोठा वाटतो. १९७८ च्या आधीच्या अमेरिकन घरांत शिशाचा रंग असू शकतो, तो खरवडला की धूळ उडते आणि लहान मुलांच्या मेंदूला धोका असतो, म्हणून प्लास्टिक लावून, धूळ आवरून काम करायचा नियम आहे. 'फिक्सर अपर' या रिनोव्हेशन शोचं फुटेज बघूनच ईपीएला (अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण खात्याला) शंका आली आणि २०१८ मध्ये शोमधलं काम करणाऱ्या कंपनीला ४०,००० डॉलर दंड झाला, शिवाय टेक्सासमधल्या वेको शहरातल्या घरांतलं शिसं काढायला १,६०,००० डॉलर द्यायचं ठरलं. मुलांसमोर हसतखेळत घणाचे घाव घालायचं दृश्य बघितलं की माझ्या अंगावर काटा येतो.

अजिंक्य_के:
नेहा, हा मुद्दा मान्य. पण त्याच कंपनीने नंतर शिशाच्या रंगाबद्दल लोकांना माहिती दिली, ते कितीतरी घरांत पोचलं. सरकारी माहितीपत्रक कोण वाचतं?

ठाणेकर_इंटिरियर:
मी ठाण्यात कामं घेतो, आमचा त्रास वेगळाच. क्लायंट मोबाईलवर क्लिप दाखवतो, "दादा, ही भिंत उडवून ओपन किचन करू, दोन दिवसात होईल ना?" अरे ते अमेरिकेतलं लाकडी सांगाड्याचं घर, त्यावर ड्रायवॉल, आपली वीट आणि प्लास्टर. जुन्या बिल्डिंगमध्ये तर ती भिंतच वरचा मजला पेलत असते, आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवावं लागतं. मग सोसायटीची एनओसी, डिपॉझिट, दुपारी दोन ते चार आवाज बंद, डेब्रिजच्या गोण्या लिफ्टने न्यायच्या नाहीत. बाथरूम फोडलं की वॉटरप्रूफिंग करून पाणी भरून ठेवायचं आणि खालच्यांच्या छताला ओल येत नाही ना ते बघायचं, त्याशिवाय टाइलला हात लावायचा नाही. घाई केली तर पहिल्या पावसाळ्यात खालचे दारात उभे. हे समजावता समजावता आमचा मिस्त्री कामचुकार ठरतो, याचा मला खरंच राग येतो.

सुमेधा_एडिसन:
दादा, अगदी बरोबर. राबणाऱ्या माणसावर अविश्वास, मला नेमकं हेच खटकतं. माझी मागणी फार नाही, एपिसोडच्या शेवटी एक पाटी दाखवा: एकूण दिवस, मजुरीसकट शेवटचं बिल, आणि त्यातलं कुठलं फर्निचर घरमालकाकडे राहिलं. बऱ्याचदा ते फक्त शूटिंगपुरतं मांडलेलं असतं, हवं तर वेगळे पैसे मोजा.

अजिंक्य_के:
पाटीला माझा विरोध नाही. पण चुकीच्या बजेटचा दोष शोला देणं मला अजूनही पटत नाही. तीन कॉन्ट्रॅक्टरकडून लेखी कोटेशन घेणं ही घर घेणाऱ्याची जबाबदारी आहे, ती टीव्हीवर ढकलू नका.