आबाजीच्या जावा मोटरसायकलले व्हिंटेज केलं तर आरटीओची तपासणी सुटते का?

महालचा_पोट्टा
राजेहो, आबाजीची १९६९ ची जावा २५० आठ वर्षं वाड्यात पडून होती, आता मिस्त्रीनं चालू करून देली. आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, २०२१ लेच संपली. चुलतभाऊ इंग्लंडात राहते, तो म्हणे तिकडं २०१८ पासून ४० वर्षांवरच्या गाडीले दरवर्षीची एमओटी तपासणी लागत नाही. आपल्याकडं ५० वर्षांवर व्हिंटेज म्हणतात नं, तर तसं करून घेतलं की गाडी दाखवाची झंझट गेली का? मले रविवारी फुटाळा तलावावर न्यायची आहे, अन् कधीमधी बर्डीच्या बाजारात.

टू_स्ट्रोक_काका
फुटाळा अन् बर्डी म्हणालास नं, तिथंच गाडं अडलं बाप्पा. जुलै २०२१ च्या नियमात व्हिंटेज गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं अन् दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापराले नाही. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षं चालते, पुढं ५,००० देऊन पाच वर्षं. नव्या नोंदणीले व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर देतात, पण आबाजीचा जुना नंबर असंन तर तो ठेवता येते. अन् चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा बदल केलेला नको.

महालचा_पोट्टा
अरे देवा. मग रस्ता कोणता काका? अन् हे रस्ते वाहतुकीचं खातं आपल्याच गडकरींकडं आहे, थोडी तरी सूट द्यायची होती नं 😄

टू_स्ट्रोक_काका
साधी आरसी रिन्यू कर. गाडी आरटीओत न्यावीच लागते, चेसिस नंबर पाहतात, लाइट, ब्रेक, हॉर्न पाहतात अन् पास झाली की पाच वर्षं मोकळा. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या दुचाकीले फी २,००० झाली. खरा मार उशिराचा बसते, एप्रिल २०२२ पासून दुचाकीले महिन्याले ३०० रुपये दंड आहे, म्हणून आता आणखी बसून राहू नको. वरून पर्यावरण कर अन् विमा.

सदरची_लॅम्ब्रेटा
तुमच्या चुलतभावानं अर्धंच सांगितलं. तिकडं मागच्या ३० वर्षांत गाडीत मोठे बदल केले असतील तर सूट नाही, आणि सूट असली तरी गाडी रस्त्यावर चालवण्यालायक ठेवायची जबाबदारी मालकाचीच. फक्त दरवर्षी दाखवायला जावं लागत नाही एवढंच. मला विचाराल तर आठ वर्षं पडलेल्या गाडीचे ब्रेक कुणीतरी एकदा बघितलेले बरेच, मिस्त्रीनं "एकदम ओके" म्हटलं तरी.
पीयूसी, म्हणजे धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र, विसरू नका. २००० च्या आधीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांपर्यंत चालतो, पण टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात, ते अंदाजानं ओतलं असेल तर धुरानंच मशीनवाला पळेल.

महालचा_पोट्टा
ऑइल मिस्त्री डोळ्यानंच मोजते 😅 ब्रेकचे लायनर टाकून मग जातो. अन् इन्स्पेक्टरनं चालवून पाहतो म्हटलं तर त्याले आधी सांगा लागन की किक वेगळी नाही साहेब, गिअरचाच दांडा आत दाबून वर करा.